बेडसाईडला फोन कधी काढायचा, कसा वाचायचा: नवीन रेसिडेंटसाठी

राउंडला, म्हणजे वॉर्डात पेशंट बघत फिरताना, सिनियरने काहीतरी विचारलं आणि तुम्ही डोस किंवा गाइडलाइन बघायला खिशातून फोन काढला की दोनपैकी एक होतं, एकतर तो म्हणतो बघ बघ पटकन काढ, नाहीतर म्हणतो फोन ठेव आधी पेशंटकडे बघ. आणि गंमत म्हणजे दोन्ही वेळा तो बरोबर असतो. पहिले सहा महिने मला हा फरकच कळत नव्हता, मला वाटायचं याचा मूड कसा आहे त्यावर ठरतं सगळं. नंतर कळलं की ज्या वेळी माझ्याकडे नेमका प्रश्न असायचा तेव्हा कोणी अडवायचं नाही, आणि मी नुसता गोंधळून फोनमध्ये डोकं घालायचो तेव्हाच बोलणी बसायची. तर हे सगळं लिहितोय ते तेवढ्या एका गोष्टीसाठी, प्रश्न आधी तयार पाहिजे, फोन नंतर. बाकी सगळी त्याची मशागत आहे.

आता कोणी म्हणेल हे फोनचं नवीन फॅड आहे, तर तसं नाही. १९९८ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासासाठी ऑक्सफर्डमध्ये डेव्हिड सॅकेट आणि शॅरन स्ट्राउस या डॉक्टरांनी चक्क एक गाडाच बनवला होता, एव्हिडन्स कार्ट म्हणून, त्यावर कॉम्प्युटर आणि पुरावे शोधायचं सगळं साहित्य, राउंडच्या वेळी टीमला हाताशी. ९८ वेळा शोधाशोध झाली, त्यातली ७९ अशी होती जिच्यावर निदान किंवा उपचार ठरणार होते, आणि त्या ७९ पैकी ७१ वेळा उत्तर सापडलं. त्या ७१ मधल्या १६ वेळा तर टीम जे करत होती किंवा करणार होती ते दुरुस्त करावं लागलं! पण मला यातला सगळ्यात जास्त आवडणारा भाग पुढचा आहे, गाडा काढून घेतल्यावर काय झालं, तर ४१ वेळा गरज वाटली आणि शोधलं फक्त ५ वेळा. म्हणजे वस्तू चार पावलं लांब गेली की माणूस शोधत नाही, सरळ हिशोब आहे. आज तो अख्खा गाडा आपल्या खिशात आहे, तरी आपण त्यावर मेसेजच बघत बसतो ते सोडा.

पहिली पायरी, ड्युटीच्या आधी घरी बसून करायची

वॉर्डात उभं राहून ॲप डाउनलोड करायचं नाही. नेटवर्क नेमकं आयसीयूच्या कोपऱ्यात जातं, लॉगिनचा पासवर्ड आठवत नाही, आणि समोर नातेवाईक उभे. म्हणून आदल्या दिवशीच चार गोष्टी फोनमध्ये टाकून ठेवा, चारच, वीस नाही. एक औषधांचा रेफरन्स ज्यात डोस, किडनी-लिव्हरसाठी बदल आणि इंटरॅक्शन असतील. एक स्कोअर काढायचा कॅल्क्युलेटर, बहुतेकजण एमडीकॅल्क वापरतात. एक गाइडलाइनचं ॲप तुमच्या ब्रांचप्रमाणे, कार्डिओलॉजीवाल्यांना युरोपियन सोसायटीचं ॲप आहे, जनरलसाठी एमएसएफचं (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स संस्थेचं) मेडिकल गाइडलाइन्स ॲप फुकट आहे आणि ऑफलाइन चालतं, आणि अँटिबायोटिकसाठी डब्ल्यूएचओचं २०२२ चं अवेअर पुस्तक पीडीएफमध्ये मिळतं, तेही फुकट. आणि चौथी गोष्ट जी सगळे विसरतात ती म्हणजे तुमच्या स्वतःच्या हॉस्पिटलचा प्रोटोकॉल. त्याची पीडीएफ मागून घ्या, नसेल तर डिपार्टमेंटच्या परवानगीने भिंतीवरच्या चार्टचा फोटो काढा. अँटिबायोटिकच्या बाबतीत तर हाच सगळ्यात वर, कारण तुमच्या वॉर्डातले जंतू कशाला दाद देतात ते बाहेरच्या गाइडलाइनला माहिती नसतं.

हे झालं की फोन फ्लाइट मोडवर टाका आणि प्रत्येक ॲप उघडून बघा. जे उघडत नाही ते तुमच्याकडे नाही असं धरा. मग चारही गोष्टी पहिल्या स्क्रीनवर एका फोल्डरमध्ये, अक्षर थोडं मोठं, आणि ड्युटीच्या वेळेत मेसेजची नोटिफिकेशन बंद. हे शेवटचं मी अनुभवाने सांगतोय, पेशंटला स्क्रीनवर चार्ट दाखवत होतो आणि वरून शाळेच्या ग्रुपवरचा एक भयानक विनोद सरकत आला, पेशंट हसला ते त्याचं मोठेपण.

दुसरी पायरी, प्रश्न

इथे जरा थांबणार आहे कारण नव्वद टक्के गडबड इथेच होते (टक्केवारी माझ्या मनाची, मनावर घेऊ नका).

नवीन माणूस काय करतो, सर्चमध्ये टाकतो "सेप्सिस" (जंतुसंसर्गामुळे सगळं शरीरच बिघडणं). मग चाळीस पानांचा लेख उघडतो, तो अंगठ्याने खाली खाली सरकवत राहतो, तोपर्यंत राउंड दोन बेड पुढे गेलेला असतो. त्याऐवजी फोनला हात लावायच्या आधी मनात एक वाक्य पूर्ण करा: कोणता पेशंट, त्याला काय द्यायचा विचार आहे, त्याच्याऐवजी दुसरं काय देता येईल, आणि आपल्याला नक्की काय साधायचंय. पुस्तकात याला पिको म्हणतात, नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल. म्हणजे "सेप्सिस" नाही, तर "सेप्टिक शॉक आहे, हार्ट आधीच कमजोर आहे, फ्लुइड किती आणि किती वेळात". हे वाक्य जमलं ना की निम्म्या वेळा उत्तर आठवतं, फोन काढावाच लागत नाही, खरंच.

फोनला कोणते प्रश्न विचारायचे हेही कळायला हवं. डोस, किती वेळाने, किडनी खराब असेल तर काय, हे औषध त्या औषधाबरोबर चालतं का, कोणत्या आकड्यापासून उपचार सुरू, प्रेग्नन्सीत चालेल का, स्कोअर किती, असल्या प्रश्नांना फोन छान उत्तर देतो. पण "याला नक्की झालंय तरी काय" हा प्रश्न फोनला विचारू नका, त्याचं उत्तर बेडवर आहे, परत एकदा हिस्टरी घ्या, परत एकदा पोट तपासा.

आणि एक बारीक गोष्ट जी कोणी सांगत नाही, औषधांची नावं. अमेरिकन ॲपमध्ये पॅरासिटामॉल शोधलं तर कधीकधी सापडत नाही कारण तिथे ते असिटअमिनोफेन असतं, ॲड्रेनलिन तिथे एपिनेफ्रिन, साल्ब्युटामॉल तिथे अल्ब्युटेरॉल. रात्री तीन वाजता "हे औषध लिस्टमध्येच नाही" म्हणून घाबरण्यापेक्षा ही दोन-दोन नावं आधीच पाठ करा. ब्रँडच्या नावाने तर शोधूच नका, एकाच नावाखाली वेगवेगळ्या ठिकाणी वेगळं औषध विकलं जातं, जेनेरिक नाव टाका.

फोन काढायचाच नाही अशी वेळ

पेशंट कोसळला, श्वास नाही, पल्स नाही, तर फोन नाही, हात छातीवर. ३० कॉम्प्रेशन (छाती दाबणं) २ श्वास, ॲड्रेनलिन १ एमजी दर ३ ते ५ मिनिटांनी, हे डोक्यात असलं पाहिजे. ॲनाफिलॅक्सिसमध्ये, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या ॲलर्जीत, मोठ्या माणसाला ॲड्रेनलिन ०.५ एमजी, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, हेसुद्धा डोक्यातच. असे पाच-सात प्रसंग आहेत ज्यात शोधायला लागणारा वेळच पेशंटला महागात पडतो, त्यांची यादी करा आणि घोकून टाका, लहानपणी पाढे घोकले तसे.

हां, पण त्या गर्दीत एक माणूस बाजूला उभं राहून मोठ्याने चेकलिस्ट वाचत असेल तर ते फार कामाचं असतं, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत जिथे प्रत्येक डोस वजनावर असतो. फक्त तो माणूस वेगळा हवा. कॉम्प्रेशन देणाऱ्याने फोन बघायचा नाही आणि फोन बघणाऱ्याने दुसरं काही करायचं नाही.

तिसरी पायरी, सापडलेलं वाचायचं कसं

पान उघडलं की आधी उत्तर वाचू नका, आधी तीन गोष्टी बघा: कोणत्या साली, कोणी, आणि किती जोर देऊन.

साल का, तर डीकेएचं (डायबेटिसमध्ये रक्तात आम्ल साठतं ती इमर्जन्सी) उदाहरण घ्या. २००९ च्या अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या स्टेटमेंटमध्ये पोटॅशियम ३.३ च्या खाली असेल तर इन्सुलिन थांबवा आणि आधी पोटॅशियम द्या असं होतं, आमच्या सगळ्यांच्या डोक्यात तोच ३.३ बसलाय. २०२४ च्या नवीन कन्सेन्ससमध्ये तो आकडा ३.५ झाला, आणि निदानासाठीची शुगर २५० ची २०० वर आली. आता जुना फ्लोचार्ट फोटो म्हणून ग्रुपवर फिरत असतो, दिसायला एकदम छान रंगीत, आणि त्यावर सालच नसतं! साल नसलेला चार्ट वापरायचा नाही, मग तो कोणी का पाठवला असेना, एचओडींनी (विभागप्रमुखांनी) पाठवला तरी विचारायचं सर हे कधीचं आहे.

कोणी का, तर ब्लड प्रेशर. २०१७ पासून अमेरिकन गाइडलाइन १३०/८० ला हायपरटेन्शन म्हणते, युरोपियन सोसायटी अजून १४०/९० लाच म्हणते. पेशंट तोच, मशिन तेच, एका ॲपमध्ये तो आजारी आणि दुसऱ्यात नाही. दोन्ही चुकीचे नाहीत, पण तुमच्या युनिटमध्ये कोणतं चालतं ते आधी विचारून घ्या नाहीतर ओपीडीत दोन रेसिडेंट दोन गोष्टी सांगतात आणि पेशंटचा कोणावरच विश्वास राहत नाही.

आणि जोर. हे नवीन लोक अजिबात वाचत नाहीत, मीही वाचत नव्हतो. गाइडलाइनमध्ये "आम्ही शिफारस करतो" आणि "आम्ही सुचवतो" हे दोन वेगळे शब्द मुद्दाम वापरलेले असतात, पहिला स्ट्राँग, दुसरा वीक. सर्व्हायव्हिंग सेप्सिस या सेप्सिसच्या गाइडलाइनचंच बघा, पहिल्या ३ तासात किलोमागे ३० मिली फ्लुइड, हे २०१६ मध्ये स्ट्राँग होतं, २०२१ मध्ये तोच आकडा ठेवून वीक केलं. म्हणजे ७० किलोच्या माणसाला २१०० मिली हा कायदा नाही, बहुतेकांना चालेल असा अंदाज आहे, आणि तुमच्या समोरचा डायलिसिसवरचा पेशंट कदाचित त्या बहुतेकांमध्ये बसत नाही. त्याच २०२१ च्या आवृत्तीत क्यूसोफा हा सेप्सिसचा झटपट स्कोअर एकटाच स्क्रीनिंगसाठी वापरू नका असंही आलं, तरी कॅल्क्युलेटर ॲपमध्ये तो अजून पहिल्या पानावर असतो. कॅल्क्युलेटर गणित करून देतो, ते गणित करावं की नाही हे तो सांगत नाही.

चौथी पायरी, आकडे टाकताना

मी केलेली चूक सांगतो. न्यूमोनियाचा पेशंट, कर्ब-६५ (न्यूमोनिया किती गंभीर ते सांगणारा स्कोअर) काढायचा होता, रिपोर्टवर युरिया ३० एमजी होता, मी बिनधास्त बीयूएनच्या (ब्लड युरिया नायट्रोजनच्या) चौकोनात ३० टाकले, ॲपने लगेच एक पॉइंट दिला. आता बीयूएन आणि युरिया एक नाहीत, युरियाला २.१४ ने भागलं की बीयूएन येतो, म्हणजे माझ्या पेशंटचा होता १४, आणि पॉइंट मिळतो १९ च्या वर. त्या एका फुकटच्या पॉइंटवर मी त्याला उगाच ॲडमिट करून घेत होतो, सिस्टरनी विचारलं डॉक्टर हा तर बरा दिसतोय, तेव्हा परत बघितलं. तेव्हापासून माझी सवय, चौकोनाशेजारचं एकक मोठ्याने वाचायचं. क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये असेल तर ८८.४ ने भागा, शुगर मिलिमोलमध्ये असेल तर १८ ने गुणा, बऱ्याच ॲपमध्ये एककावर टॅप केलं की बदलतं पण आधी बघायला तर हवं.

दुसरा सापळा किडनीचा आणि तो जास्त धोक्याचा. समजा ८० वर्षांच्या आजी आहेत, वजन ४५ किलो, क्रिएटिनिन १.३. रिपोर्टवर नजर टाकली तर वाटतं ठीक आहे की, थोडंसंच वाढलंय. लॅबने छापलेला ईजीएफआर (किडनी किती गाळते त्याचा अंदाज) २०२१ च्या फॉर्म्युल्याने ४१ च्या आसपास येईल. आता क्रिएटिनिन क्लिअरन्स काढायचा १९७६ चा जुना कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट फॉर्म्युला लावा, १४० वजा वय, गुणिले वजन, भागिले ७२ गुणिले क्रिएटिनिन, बाई असेल तर गुणिले ०.८५. येतात साधारण २४.५. आणि एनॉक्सापॅरिन या रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनचा डोस याच क्लिअरन्सवर ठरतो, ३० च्या खाली गेलं की किलोला १ एमजी दिवसातून दोनदा नाही, एकदाच. म्हणजे चुकीचा आकडा धरला तर आजींना दुप्पट रक्त पातळ करणारं औषध. म्हणून औषधाच्या पानावर "किडनी" लिहिलेलं असेल तर कोणत्या फॉर्म्युल्याची किडनी ते बघा, आणि वजन अंदाजाने टाकू नका, वजनकाटा आणा. बेडवरून उठता येत नसेल तर नातेवाईकांना विचारा, पण नोट्समध्ये लिहा की वजन अंदाजे आहे.

हाय रिस्क औषध असेल, इन्सुलिन, हेपरिन, पोटॅशियम, ओपिऑइड, लहान मुलाचं काहीही, तर दुसऱ्या माणसाकडून तोच हिशोब वेगळा करून घ्या. स्क्रीन दाखवून "बरोबर आहे ना" विचारायचं नाही, तसं विचारलं की सगळे हो म्हणतात.

चॅटबॉटचं पण सांगून टाकतो कारण आता सगळ्यांच्या फोनमध्ये आहेत. प्रश्न नीट मांडायला, शोधायचे शब्द सुचवायला वापरा, पण त्याने दिलेला डोस जसाच्या तसा कधीच नाही. तो चुकतो तेव्हाही तितक्याच आत्मविश्वासाने बोलतो, रेफरन्ससुद्धा कधीकधी मनाने बनवतो. मूळ पान उघडून आकडा डोळ्यांनी बघितला तरच तो आकडा आपला.

पेशंटसमोर

लपून बघू नका. टेबलाखाली फोन धरून बघणारा डॉक्टर पेशंटला टाइमपास करणाराच वाटतो, आणि त्याची काय चूक. सरळ सांगा, "आजी, तुमच्या वजनाप्रमाणे या इंजेक्शनचा डोस परत एकदा तपासून बघतो, एक मिनिट." मग बघा, आणि काय सापडलं ते सांगा, शक्य असेल तर स्क्रीन त्यांच्याकडे वळवून दाखवा. मला भीती वाटायची की पेशंट म्हणेल याला काही येत नाही, तसं मला तरी आजवर कोणी म्हटलं नाही, उलट एकदा एका काकांनी सांगितलं की बरं झालं बघितलंत, मागच्या वेळी मला त्याची ॲलर्जी आली होती, आणि ते केस पेपरवर कुठेच नव्हतं!

वेळ मात्र मोजा. एक-दीड मिनिटात नाही सापडलं तर फोन खिशात, "मी नंतर बघून सांगतो" म्हणायचं आणि खरंच सांगायला यायचं. वाईट बातमी सांगताना, कोणी रडत असताना, फोन बाहेरच नाही, मग कितीही महत्त्वाचा डोस असू दे.

पेशंटचा फोटो, एक्स-रे, नाव दिसणारा रिपोर्ट खासगी ग्रुपवर टाकायचा नाही, हॉस्पिटलने जी पद्धत ठरवली असेल तीच. फोनला पासकोड हवाच आणि ऑटो-लॉक कमीत कमी वेळाचा.

हात आणि फोन

हात धुतले, पेशंट तपासला, फोन काढला, परत त्याच हाताने पेशंट. झालं, धुतलेलं पाण्यात. फोनवर स्टॅफिलोकोकस वगैरे जंतू मजेत राहतात, त्यामुळे फोनला हात लावला की पेशंटला लावायच्या आधी परत हँडरब, कंटाळा आला तरी. फोन बेडवर किंवा जेवणाच्या टेबलावर ठेवू नका. ड्युटी संपली की ७० टक्के अल्कोहोलच्या वाइपने पुसा, कव्हर काढून पुसा, कव्हरच्या आत खरी घाण असते. आयसोलेशनमध्ये जाताना फोन बाहेर ठेवा किंवा झिपच्या पिशवीत, टच चालतो तिच्यातून. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलचा (जुलाब करणाऱ्या एका जंतूचा) पेशंट असेल तर तिथे अल्कोहोल चालत नाही, स्पोअर मरत नाहीत, हात साबण-पाण्यानेच धुवायचे आणि फोन आत न्यायचाच नाही, सोप्पं.

शेवटची पायरी, गाइडलाइन आणि हा माणूस

२००५ मध्ये जामा या मेडिकल जर्नलमध्ये सिंथिया बॉइड आणि सहकाऱ्यांनी एक हिशोब मांडला होता. एक काल्पनिक ७९ वर्षांची बाई, तिला सीओपीडी (फुफ्फुसाचा जुनाट आजार), डायबेटिस, हायपरटेन्शन, ऑस्टिओपोरोसिस आणि सांधेदुखी, पाच आजार. प्रत्येक आजाराची गाइडलाइन इमानदारीने पाळली तर तिला १२ औषधं लागली. पाचही गाइडलाइन आपापल्या जागी ठीक, पण त्या एकमेकींशी बोलत नाहीत, बोलायचं काम तुमचं. म्हणून औषध वाढवताना शेवटचा प्रश्न फोनला नाही, पेशंटला, "यातलं खरंच कोणतं घेता, कोणतं सोडून देता?"

गाइडलाइनपासून मुद्दाम बाजूला गेलात तर नोट्समध्ये एक ओळ लिहा, कोणती गाइडलाइन, कोणतं साल, आणि का बाजूला गेलो. "ॲपमध्ये बघितलं" एवढं लिहिलेलं कोणाच्या उपयोगाचं नाही, उद्या नाइटवाला येऊन परत तेच शोधणार.

आणि जे प्रश्न राहून जातात त्यांचं काय, तर २०१४ मध्ये याच विषयावरचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा दिसलं की डॉक्टरांना पडलेल्या प्रश्नांपैकी जेमतेम निम्म्यांचाच पाठपुरावा होतो. म्हणून मी फोनमध्ये एक साधी नोट ठेवतो, त्यात पेशंटचं नाव-गाव काही नाही, नुसता प्रश्न, "लिव्हर खराब असताना पॅरासिटामॉल किती", "स्टिरॉइड कधी कमी करायचं". ड्युटी संपल्यावर त्यातले दोन बघतो, दोनच, जास्त ठरवलं की एकही होत नाही, आणि जो कशातच सापडत नाही तो दुसऱ्या दिवशी राउंडला सिनियरला विचारतो. बऱ्याचदा तोही खिशातून फोनच काढतो.